लेबलामागची नोंदवही

युरोपातील घरगुती उपकरणांवरील ऊर्जा लेबलाचा इतिहास बहुधा रंगीत पट्ट्यांच्या आणि अक्षरांच्या अंगाने सांगितला जातो. परंतु त्या लेबलावर छापलेला आकडा कोणी मोजला, तो कोठे टिपून ठेवला आणि त्याची शहानिशा करण्याचे साधन कोणाच्या हाती होते, हे विचारू लागले की हा इतिहास एका नोंदवहीकडे, किंबहुना पंचवीस वर्षे अस्तित्वातच नसलेल्या नोंदवहीकडे घेऊन जातो.

१९७३ च्या तेलसंकटानंतर ऊर्जाबचतीचा विचार युरोपीय राजधान्यांत मूळ धरू लागला आणि १९७९ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायाने घरगुती उपकरणांच्या वीजवापराची माहिती लेबलावर देण्याविषयी पहिला निर्देश काढला. निर्देश म्हणजे सदस्य देशांनी स्वतःच्या कायद्यात उतरवून घ्यायचे बंधन. तो विजेच्या ओव्हनपलीकडे फारसा गेला नाही. सप्टेंबर १९९२ च्या निर्देशाने मात्र लेबल सक्तीचे केले आणि १९९५ च्या आरंभापासून रेफ्रिजरेटरांवर 'ए' ते 'जी' अशी उतरती श्रेणी दिसू लागली. ही श्रेणी कोणतेही सरकारी कार्यालय ठरवून देत नसे. उत्पादकाने प्रमाणित पद्धतीने चाचणी घ्यावी, आकडा काढावा, लेबल छापावे आणि त्या चाचणीची तांत्रिक कागदपत्रे शेवटचे उपकरण तयार झाल्यापासून पाच वर्षे आपल्याच कपाटात ठेवावीत, अशी ही रचना होती. राज्यसंस्थेने विश्वास टाकला होता आणि तो तपासण्याचा हक्क राखून ठेवला होता. पण हक्क असणे वेगळे आणि तो बजावता येणे वेगळे.

तपासणीचे काम प्रत्येक देशाच्या बाजार-देखरेख यंत्रणेकडे, म्हणजे दुकानात आलेला माल नियमांना धरून आहे की नाही हे पाहणाऱ्या कार्यालयाकडे असे. त्याची रीत ठरलेली होती: प्रथम एक नग प्रयोगशाळेत तपासायचा, तो ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर आणखी तीन नग तपासायचे आणि मगच दोषाचा निर्णय करायचा. हे खर्चाचे आणि वेळखाऊ काम होते, आणि त्याआधी कागदपत्रांसाठी उत्पादकाला पत्र लिहून उत्तराची वाट पाहावी लागे. त्यातच एकच यंत्र निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या नावांनी आणि क्रमांकांनी विकले जाई. एका देशात नापास झालेले धुलाईयंत्र शेजारच्या देशात दुसऱ्या नावाने विक्रीस असले, तर दोन्ही एकच आहेत हे तेथील अधिकाऱ्याला कळण्याचा सोपा मार्ग नव्हता.

दरम्यान श्रेणीच तोकडी पडू लागली. उपकरणे सुधारली तशी वरच्या वर्गात गर्दी झाली, आणि पट्टी नव्याने आखण्याऐवजी २००३ मध्ये रेफ्रिजरेटरांसाठी 'ए' पुढे एक व दोन अधिकचिन्हे जोडली गेली, तर २०१० च्या निर्देशाने तिसऱ्या चिन्हाचीही सोय केली. भारतात २००६ साली सुरू झालेल्या ताऱ्यांच्या लेबलाने याच अडचणीवर निराळा तोडगा काढला: तारे पाचच राहिले, त्यांच्यासाठीचे निकष ठरावीक मुदतीने कडक होत गेले आणि लेबलावर त्याची मुदतही छापली गेली, त्यामुळे कालचा पंचतारांकित एसी आज तीन ताऱ्यांवर उतरू शकतो. युरोपने पट्टी लांबवली आणि ग्राहकाला 'ए' हा अक्षरक्रमातला पहिला वर्ग प्रत्यक्षात चौथा असल्याचे समजून घ्यावे लागले.

२०१७ च्या नियमनाने दोन्ही दोषांना एकदम हात घातला. नियमन हे निर्देशाहून वेगळे. ते सर्व सदस्य देशांत थेट लागू होते. त्याने अधिकचिन्हे काढून 'ए' ते 'जी' ही पट्टी पुन्हा आखायला सांगितले आणि सोबत संपूर्ण युरोपीय संघासाठी एक सामाईक माहितीसाठा उभारण्याची जबाबदारी युरोपीय आयोगावर टाकली. 'एप्रेल' या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संगणकीय नोंदवहीचे दोन मुख्य भाग आहेत. सार्वजनिक भागात लेबल आणि उत्पादनाचे माहितीपत्रक असते. अनुपालन भागात, म्हणजे नियमपालन तपासणाऱ्यांसाठीच्या बंद दालनात, चाचणीचे मोजलेले आकडे, हिशेब आणि 'समतुल्य मॉडेलां'ची यादी असते. तांत्रिकदृष्ट्या तेच, पण वेगळ्या क्रमांकाने विकले जाणारे मॉडेल म्हणजे समतुल्य मॉडेल. वेगवेगळ्या नावांआड लपणाऱ्या यंत्राचा जुना प्रश्न या एका रकान्यात येऊन थांबला. कागदपत्रांची मुदतही लांबली: पूर्वीच्या पाच वर्षांऐवजी शेवटचा नग बाजारात आल्यानंतर पंधरा वर्षे ही नोंद राखावी लागते.

याहून मोठा बदल क्रमाचा होता. १ जानेवारी २०१९ पासून नव्या मॉडेलची माहिती भरल्याखेरीज त्याचा एकही नग बाजारात आणण्यास पुरवठादाराला मनाई झाली. उत्पादक युरोपीय संघाबाहेरचा असेल तर हे बंधन आयातदारावर किंवा उत्पादकाच्या अधिकृत प्रतिनिधीवर येते. पूर्वी वस्तू आधी येई आणि कागद मागितल्यावर. आता नोंद आधी, वस्तू नंतर. एखाद्या संकेतस्थळावरील अर्ज भरणे ही विक्रीची कायदेशीर पूर्वअट झाली, आणि मॉडेल कशाला म्हणावे हा प्रश्न कायद्याच्या कलमांइतकाच अर्जाच्या रकान्यांत सुटू लागला.

तरीही नोंदवहीत उतरणारा आकडा पुरवठादाराचाच राहिला, आणि तो चाचणीच्या पद्धतीइतकाच खरा असतो. डायसन या कंपनीने व्हॅक्यूम क्लीनरच्या लेबलाविरुद्ध लढवलेला खटला या दृष्टीने लक्षणीय आहे: धूळ साठवणारा भाग रिकामा ठेवून घेतलेली चाचणी घरातील वापराशी जुळत नाही, हा मुद्दा मान्य करून युरोपीय न्यायालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये त्या लेबलाचे नियमनच रद्द ठरवले. चाचणीपुरते उत्सर्जन कमी दाखवणाऱ्या डिझेल मोटारींच्या २०१५ मधील प्रकरणाचा अनुभव ताजा असल्याने चाचणी ओळखून आपोआप वागणूक बदलणाऱ्या सॉफ्टवेअरला नव्या कायद्यात स्पष्ट मनाई आली. एक उणीव मात्र रचनेतच आहे. विकल्या गेलेल्या नगांपैकी तीस टक्के 'ए' वर्गात, किंवा निम्मे 'ए' आणि 'बी' मिळून जमले, की पट्टीचा फेरविचार व्हावा, असे कायदा सांगतो. नोंदवहीला मात्र मॉडेल कळतात, त्यांचा खप कळत नाही.

१ मार्च २०२१ रोजी रेफ्रिजरेटर, धुलाईयंत्रे, भांडी धुण्याची यंत्रे आणि दूरचित्रवाणी संच नव्या लेबलासह दुकानांत दिसू लागले. लेबलाच्या कोपऱ्यात क्यूआर कोड आला, जो थेट नोंदवहीतील त्या मॉडेलच्या पानाकडे नेतो. पुरवठादारांवरील बंधन आधी लागू झाले होते, नागरिकांसाठीचे दार नंतर उघडले. २० जून २०२५ पासून स्मार्टफोन आणि टॅब्लेटही या व्यवस्थेत आले, आणि ज्या फोनने दुकानातील ग्राहक तो कोड वाचतो त्या फोनचीही स्वतंत्र नोंद होऊ लागली. त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही ती नोंद पंधरा वर्षे बंद दालनात राहील.