खारं पाणी, किडनी आणि बुडालेली मजुरी: आजाराचा हिशोब दवाखान्याबाहेर का मांडावा लागतो?

किडनीचा त्रास आहे असं वाटलं की डॉक्टर रक्तातलं क्रिएटिनिन तपासायला सांगतात. रिपोर्टमध्ये आकडा येतो. पण त्या माणसानं इतकी वर्षं कुठलं पाणी प्यायलं, दुसरं पाणी विकत घेणं त्याला परवडत होतं का, पाय पहिल्यांदा सुजले तेव्हाच तो दवाखान्यात का गेला नाही, याची उत्तरं रिपोर्टमध्ये नसतात. ती शोधायला अर्थशास्त्राची आणि समाजशास्त्राची साधनं लागतात. आरोग्य अर्थशास्त्र, आरोग्याचं समाजशास्त्र आणि सामाजिक साथरोगशास्त्र या शाखा हेच काम करतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्याकडे पाहिलं तर हे पटकन समजतं.

एकाच तालुक्यात दोन पाणी

सोनाळा हे संग्रामपूर तालुक्यातलं सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. वर अंबाबरवा अभयारण्याचं जंगल आणि त्यातली आदिवासी वस्ती. सोनाळ्याहून दक्षिणेला पूर्णा नदीकडे उतरत गेलं की खारपाणपट्टा लागतो. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारट आहे. भारतीय मानकांनुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोत नसेल तरच २,००० पर्यंत चालतात. खारपाणपट्ट्यात अनेक ठिकाणी विहिरी आणि हातपंप ही मर्यादाही ओलांडतात.

संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतल्या किडनीच्या रुग्णांची चर्चा अनेक वर्षांपासून आहे. ‘पाणी खारं म्हणून किडन्या जातात,’ असं लोक सरळ सांगतात. संशोधकाला मात्र एवढ्यावर थांबता येत नाही.

पाण्याचा दोष सिद्ध कसा करायचा?

कारण खारं पाणी पिणारा माणूस बहुतेक वेळा उन्हात राबतो, फवारणी करतो, अंग दुखलं की दुकानातून वेदनाशामक गोळी आणून घेतो. त्याचा रक्तदाब किंवा साखर कधी तपासलेली नसते. यातल्या प्रत्येक गोष्टीचा किडनीशी संबंध असू शकतो. मग पाण्याचा वाटा वेगळा कसा काढायचा? मुद्दाम कुणाला खारं पाणी पाजून प्रयोग करता येत नाही.

इथे ‘नैसर्गिक प्रयोगा’ची पद्धत कामी येते. त्याचं गाजलेलं उदाहरण लंडनचं. तिथे एकाच भागात दोन कंपन्या नळाचं पाणी पुरवत. त्यातल्या लॅम्बेथ कंपनीनं १८५२ मध्ये थेम्स नदीतून पाणी उचलण्याची जागा शहराच्या वर, स्वच्छ प्रवाहाकडे नेली. दुसरी कंपनी शहराच्या सांडपाण्याचंच पाणी देत राहिली. १८५४ च्या कॉलऱ्यात डॉ. जॉन स्नो यांनी कुठल्या घरी कुणाचं पाणी येतं ते शोधून मृत्यू मोजले. लोक सारखे, वस्ती सारखी, फरक फक्त पाण्याचा.

संग्रामपुरातही अशी तुलना शक्य आहे. वान नदीवरच्या धरणाचं गोडं पाणी संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतल्या गावांना देण्यासाठी १४० गाव पाणीपुरवठा योजना आखली गेली. असं पाणी सगळ्या गावांत एकाच दिवशी पोहोचत नाही. आधी पाणी आलेली आणि नंतर आलेली गावं घेऊन दोन्हीकडे आजार कसा बदलत गेला हे तपासता येतं. अर्थशास्त्रज्ञ सरकारी योजनांचा परिणाम मोजताना नेमकी हीच रीत वापरतात.

मोफत उपचार खरंच मोफत असतो का?

सरकारी योजनांमुळे डायलिसिसचं बिल माफ होऊ शकतं. पण डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा करावं लागतं, आणि गावातून त्यासाठी दरवेळी शहर गाठावं लागतं. आठवड्याला दोन खेपा धरल्या तरी वर्षाच्या १०४ होतात. सोबत घरचं एक माणूस लागतंच. म्हणजे त्या माणसाचे १०४ दिवस बुडाले. दिवसाची मजुरी ३०० रुपये धरली तर हे ३१,२०० रुपये झाले. प्रवासभाडं आणि रुग्णाची स्वतःची कमाई त्याहून वेगळी.

अर्थशास्त्रात याला संधी-खर्च म्हणतात. गावात ‘बुडीत मजुरी’ म्हणतात. हा खर्च कुठल्याही बिलात दिसत नाही, पण रुग्ण डायलिसिसची खेप चुकवतो तेव्हा त्यामागे बहुधा हाच हिशोब असतो. त्यामुळे ‘लोकांना आरोग्याची जाणीव नाही’ हा निष्कर्ष अनेकदा चुकतो. कुपोषित मुलाला दवाखान्यात घेऊन राहणाऱ्या आदिवासी पालकांना बुडीत मजुरी देण्याची तरतूद राज्यात आहे, ती यामुळेच.

खासगी दवाखान्यात गेलं तर हिशोब आणखी बिघडतो. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानुसार, बाळंतपण वगळता, ग्रामीण भारतात एकदा भरती होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात सुमारे ४,३०० रुपये, तर खासगीत सुमारे २७,३०० रुपये होता. २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्य खर्चातला ३९.४ टक्के वाटा लोकांनी थेट खिशातून भरला.

ताटातला गहू कुठून आला?

डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या शेगाव तालुक्यातल्या अनेक गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. आधी शाम्पूवर आणि पाण्यावर संशय गेला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या जास्त सेलेनियमकडे बोट दाखवलं. हा निष्कर्ष धरला तर आजाराची वाट रेशनकार्डातून जाते. बाजारातून निवडून गहू घेणारं घर यातून सुटतं, मिळेल तो गहू खाणारं घर सापडतं. कोण आजारी पडेल हे इथे उत्पन्नानं ठरतं.

मग अभ्यासात काय मोजायचं?

रुग्णालयाची नोंदवही फक्त तिथवर पोहोचलेल्यांचीच गणती करते. म्हणून घरोघरी सर्वेक्षण लागतं: पाण्याचा स्रोत, जमीन, कर्ज, कामाचे तास, उपचार अर्धवट सोडल्याचं कारण. जे आकड्यांत मावत नाही त्यासाठी मुलाखती लागतात. हे सगळं डॉक्टरी तपासणीला जोडलं की पैसा कुठे घालायचा ते ठरवता येतं. डायलिसिसची यंत्रं वाढवणं गरजेचं आहेच. पण नळाला गोडं पाणी रोज आलं तर त्या यंत्रापर्यंत किती जणांना जावंच लागणार नाही, हा आकडा आज सरकारच्या हाती असायला हवा.