‘भाऊ, ही तर कॅन्सरची गोळी आहे!’

परवा रात्री तालुक्याच्या गावाहून एका वाचकाचा फोन आला. "भाऊ, बहिणीला डॉक्टरांनी डोक्याची गोळी दिली. मोबाईलवर नाव टाकलं तर कॅन्सर दाखवतंय. आमच्यापासून काही लपवताहेत का?" घाबरून घरच्यांनी दोन दिवस गोळी बंदच ठेवली होती.

बहिणीला बायपोलर आहे. कधी महिनाभर उदास, बोलणंच बंद. कधी झोप नाही, अखंड बडबड, पैशांची उधळण. या चढत्या अवस्थेला मॅनिया म्हणतात. गोळीचं नाव एन्डॉक्सिफेन. तिला कॅन्सर नाही. पण भीती समजण्यासारखी आहे, म्हणून या गोळीचा इतिहास सांगतो.

1962 साली इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या डोरा रिचर्डसन यांनी टॅमॉक्सिफेन हे रसायन बनवलं. हेतू होता संबंधानंतर घ्यायच्या गर्भनिरोधक गोळीचा. उंदरांवर जमलं, बायकांमध्ये उलटंच झालं: बीजनिर्मितीला चालनाच मिळाली! गर्भनिरोधक म्हणून औषध फसलं. पण स्तनाच्या पेशींमध्ये इस्ट्रोजेन या हार्मोनची वाट ते अडवतं. काही कॅन्सर याच हार्मोनवर वाढतात, म्हणून 1970 च्या दशकात ते तिथे लागू पडलं. अमेरिकेत 1977 मध्ये मान्यता मिळाली.

आता डोक्याशी संबंध कुठला? मॅनियावर लिथियमचा उपयोग 1949 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी दाखवला होता, पण ते काम कसं करतं हे कळत नव्हतं. पुढे दिसलं की लिथियम आणि व्हॅल्प्रोएट ही दोन्ही औषधं मेंदूतल्या प्रोटीन कायनेज सी या एन्झाइमचा जोर कमी करतात. टॅमॉक्सिफेनही तेच करतं. मग हे वापरून का बघू नये?

मेलबर्नच्या डॉ. जयश्री कुलकर्णी हार्मोनच्या बाजूने याच गोळीपाशी पोचल्या. 2006 मध्ये त्यांनी मॅनियाच्या 13 बायकांवरचा छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. 2007 मध्ये अमेरिकेत 16 रुग्णांवरचा, 2008 मध्ये तुर्कस्तानात 66 रुग्णांवरचा अभ्यास आला. या दोन्हींत पुरुषही होते आणि खोट्या गोळीपेक्षा टॅमॉक्सिफेनने मॅनिया जास्त उतरला. म्हणजे इथे परिणाम फक्त हार्मोनचा नसावा.

टॅमॉक्सिफेनचं आपलं लिव्हर एन्डॉक्सिफेन करतं, पण प्रत्येकात सारख्या प्रमाणात नाही. म्हणून थेट एन्डॉक्सिफेनच द्यायची कल्पना निघाली. मॅनियासाठी तिला 2019 मध्ये आपल्याच देशात मंजुरी मिळाली.

आता दुसरी बाजू. भारतातले अभ्यास जेमतेम तीन आठवड्यांचे होते आणि तुलना खोट्या गोळीशी नव्हती, व्हॅल्प्रोएटच्या प्रकारातल्या औषधाशी होती. त्यावरून वर्षानुवर्षं घेण्याबद्दल काही ठरवता येत नाही. त्यामुळे प्रश्न विचारणं हा घरच्यांचा हक्कच आहे. गोळी परस्पर बंद करणं मात्र धोक्याचं, मॅनिया पुन्हा उसळू शकतो.

डॉक्टरांना विचारा: हीच गोळी का? किती दिवस? पाळी, गर्भधारणेवर परिणाम काय? व्हॅल्प्रोएटही गरोदरपणात बाळाला घातक ठरू शकतं, म्हणून तरुण बाईसाठी हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

आणि ज्या घरात स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू आहे, त्यांनी उदासीवरची गोळी घेताना दोन्ही डॉक्टरांना सांगावं. पॅरॉक्सेटिनसारखी काही औषधं टॅमॉक्सिफेनचं एन्डॉक्सिफेन होऊ देत नाहीत.

ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथे राज्याची जुनी मनोरुग्णालयं आहेत. आपल्या खान्देशात एकही नाही. म्हणून आपल्याकडे आधी भगत, मग मोबाईल आणि शेवटी डॉक्टर, असा क्रम लागतो. डॉक्टरांनीही चिठ्ठी देताना ‘नाव बघून घाबरू नका’ एवढं सांगितलं असतं, तर त्या बहिणीचे दोन दिवस वाचले असते.

रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारच्या टेलि-मानसचा नंबर 14416 आहे, फोनला पैसे पडत नाहीत. त्या भावाला मी तोच दिला आणि सकाळी बहिणीला घेऊन डॉक्टरांकडे जायला सांगितलं. तुमच्याही घरी अशी चिठ्ठी असेल तर आधी विचारा, मग ठरवा.