भाव चौपट, माल मातीमोल

१/ चांगला भाव मिळाला की माल आपोआप सुधारतो, हा समज बाजाराइतकाच जुना आहे. १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या कापूस बाजाराने तो खोटा ठरवला.

२/ एप्रिल १८६१मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेतील बंदरांची नाकेबंदी केली. लँकेशायरच्या गिरण्यांचा तीन चतुर्थांशांहून अधिक कापूस याच बंदरांतून येत असे. तो आटताच गिरणीमालकांची नजर मुंबईकडे वळली.

३/ मुंबईहून जाणाऱ्या रुईला इंग्लंडच्या बाजारात सरसकट 'सुरत' म्हणत. मग ती गुजरातची असो, खानदेशची असो वा वऱ्हाडची. १८६०मध्ये तिचा भाव पौंडाला सुमारे ५ पेन्स होता. १८६४मध्ये तो २० पेन्सच्या पुढे गेला.

४/ भाव चौपट झाला. पण गासडी फोडली की आतून माती, खडे, सरकी आणि पाचोळा निघे. वजन वाढावे म्हणून रुई ओलीही केली जाई. आखूड धागा हा त्या वाणाचा स्वभाव होता. माती मात्र माणसाने घातलेली होती.

५/ याचे कारण व्यवहाराच्या रचनेत होते. शेतकऱ्याचे पीक पुष्कळदा वेचणीपूर्वीच सावकाराकडे गुंतलेले असे. निवडून वेचलेल्या कापसाला सहसा वेगळा दर नसे. शेतकरी, अडत्या, दलाल, निर्यातदार पेढी या साऱ्या साखळीत पैसा वजनावर ठरे. त्यामुळे रुई महागली, तशी तिच्यात मिसळलेली मातीही महागली. टंचाईमुळे घेणाऱ्याला माल नाकारण्याची सोय उरली नव्हती.

६/ १८६३मध्ये मुंबई सरकारने कापसातील भेसळीविरुद्ध कायदा करून तपासनीस नेमले. अशाच हेतूचा कायदा १८२९मध्येही झाला होता. कायद्याने लबाडाला शिक्षा करता येत होती. प्रामाणिक मालाला दोन पैसे अधिक मिळवून देणे त्याच्या हाती नव्हते.

७/ त्याची झळ सातासमुद्रापार पोहोचली. लँकेशायरची यंत्रे अमेरिकी कापसाच्या लांब धाग्यासाठी बसवलेली होती. 'सुरत'चे सूत वारंवार तुटे. विणकरांची मजुरी कापडाच्या नगांवर ठरे. दिवसभर राबूनही नग कमी भरत आणि हाती तुटपुंजे पैसे पडत. 'सुरत' हा शब्दच तेथे हलक्या मालाची शिवी बनला.

८/ दोष एतद्देशीयांच्या स्वभावाला दिला गेला. पण याच वर्षांत लँकेशायरचे कारखानदार महागड्या सुताची बचत करण्यासाठी खळीत चिनी माती मिसळून कापडाचे वजन वाढवू लागले. ते कापड पूर्वेकडील बाजारांत येई आणि त्यावर बुरशी चढल्याच्या तक्रारी होत. माती दोन्ही दिशांनी प्रवास करीत होती.

९/ १८६५मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि अमेरिकी कापूस पुन्हा वाहू लागला. मुंबईच्या रुईचे नाव मात्र दीर्घकाळ डागाळलेले राहिले.

१०/ वाढलेला भाव टंचाई सांगतो. गुणवत्ता सांगण्यासाठी भावात फरक लागतो: चांगल्याला एक दर आणि वाईटाला दुसरा. तो फरक नसेल, तर चढा भाव भेसळीचेच मोल वाढवतो.