सांध्यांच्या अभ्यासात पहिले पाऊल

जबलपूरच्या खमरियात यंत्राची भाषा कुणाला शिकवावी लागत नाही. 1942 साली इथे आयुध निर्माणी सुरू झाली. जबलपूरची गन कॅरेज फॅक्टरी तर त्याहून जुनी, 1904 ची. नागपूर 1956 पर्यंत याच प्रांताची राजधानी होती, त्यामुळे नोकरीनिमित्त इकडे येऊन स्थिरावलेली मराठी घरे जबलपुरात नवलाची नाहीत. ज्या घरात फिटर किंवा टर्नर आहे, तिथे बेअरिंग, बुश, ग्रीस आणि 'प्ले' हे शब्द चहाबरोबरच कानावर पडतात. मानवी शरीरातल्या सांध्यांचा विषय अशा वाचकांसमोर ठेवताना मला थोडा अभिमान वाटतो. दोन भाग किती घट्ट बसवायचे आणि किती मोकळे ठेवायचे, हा या अभ्यासातला मूळ प्रश्न इथल्या वाचकांना आधीच ठाऊक आहे.

मात्र एक सावधगिरी सुरुवातीलाच सांगून ठेवतो. बेअरिंग वापराने झिजते आणि कपाटात ठेवले तर टिकते. सांध्याचे तसे नाही. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिला अन्न मिळते ते सांध्यातल्या द्रवातून, आणि तेही सांध्यावर भार पडून उतरत राहिला तरच: दाबाने द्रव बाहेर पडतो, दाब सुटला की पुन्हा आत शिरतो. प्लास्टरमध्ये काही आठवडे बांधून ठेवलेला हात मोकळा झाल्यावर का आखडलेला असतो, याचे अर्धे उत्तर इथे आहे. उरलेले अर्धे सांध्याभोवतीच्या पिशवीसारख्या वेष्टनात आणि आकसलेल्या स्नायूंमध्ये आहे. आणखी एक गोष्ट नव्या वाचकांना चकित करते. निरोगी गुडघ्यासारख्या मोठ्या सांध्यातही या द्रवाचे वंगण जेमतेम काही मिलिलिटर असते.

सांधा म्हटले की हलणारी जागा डोळ्यांसमोर येते, पण वाचकांनी आरंभ न हलणाऱ्या सांध्यांपासून करावा. कवटीची हाडे दातेरी कडांनी एकमेकांत गुंतलेली असतात आणि मध्ये चिवट तंतूंचा पातळ थर असतो. तान्ह्या बाळाची टाळू मऊ लागते, कारण ही हाडे तिथे अजून भेटलेली नसतात. साधारण दीड ते दोन वर्षांत ती जागा भरते. त्यानंतर किंचित हलणारे सांधे येतात. मणक्यांमधल्या चकत्या त्यातल्या. दोन मणक्यांमध्ये मिळणारी हालचाल थोडीच, पण सगळ्यांची बेरीज झाली की माणूस वाकून बुटाची नाडी बांधतो. शेवटी द्रवाने भरलेले, मोकळेपणी हलणारे सांधे. शाळेच्या पुस्तकात भेटलेले बिजागरीचे, उखळीचे आणि सरकते सांधे हे याच गटातले; मान वळवणारा आसाचा सांधा आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेला खोगिरासारखा सांधाही त्यांच्याच पंगतीला बसतो.

ही विभागणी हाडांना जोडणाऱ्या ऊतीवरून केलेली आहे. सुश्रुतसंहितेतली विभागणी वेगळ्या वाटेने जाते, आणि ती डावलून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. तिच्या शारीरस्थान या भागात 210 सांधे सांगितले आहेत: हातापायांत 68, धडात 59 आणि मानेपासून वर 83. त्यांचे चल आणि स्थिर असे दोन भेद केले असून आकारावरून आठ प्रकार मानले आहेत. शव वाहत्या पाण्यात सात दिवस ठेवून थर हळूहळू खरवडत पाहावे, अशी रीतही तिथे दिली आहे. म्हणजे हा हिशेब प्रत्यक्ष पाहण्यावर बेतलेला होता. सुश्रुताची हाडे 300 आहेत आणि आजची 206, एवढ्यावरून कुणी हसू नये. त्या मोजणीत दात आणि कूर्चाही धरल्या आहेत. दात आणि जांघेचा सांधा हे दोन्ही तिथे उखळीच्या एकाच प्रकारात येतात. आकार पाहिला तर ते बरोबरच आहे. हालचाल पाहिली तर आजचे शास्त्र त्यांना दोन टोकांना बसवते. कोणतेही वर्गीकरण वाचताना ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते आहे, हे तुम्ही आधी पाहा.

या विषयाचे सर्वांत स्वस्त साधन तुमच्यापाशीच आहे. कोपर टेबलावर टेकवा. हात दुमडा आणि उलगडा. ही बिजागरीची चाल झाली. आता कोपर काटकोनात ठेवून पेचकस धरल्यासारखी मूठ करा आणि ती फिरवा. ही चाल बिजागरीची नव्हे. करंगळीच्या बाजूचे हाड जवळजवळ जागेवरच राहते; अंगठ्याच्या बाजूचे हाड कोपराजवळच्या एका कड्यासारख्या बंधात गरगर फिरते आणि तळहात खाली जाताना दुसऱ्या हाडावर आडवे येते. म्हणजे एका कोपरात दोन जातींचे सांधे शेजारी नांदतात. उजव्या हाताने स्क्रू आवळताना जो जोर लागतो, त्यातला मोठा वाटा दंडाच्या बेटकुळीचा असतो, आणि कोपर दुमडलेले असताना ती हे काम उत्तम करते. म्हणूनच अनेक उजवखोऱ्यांना घट्ट बसलेला स्क्रू सोडवणे आवळण्यापेक्षा जड जाते. वर्कशॉपमध्ये हा अनुभव अनेकांना असेल. त्याचे कारण हे असे.

गुडघ्याकडे घाईने जाऊ नका. तो बिजागरीचा म्हणून शिकवला जातो, पण पाय पूर्ण सरळ होताना शेवटच्या काही अंशांत मांडीचे आणि नडगीचे हाड एकमेकांवर किंचित वळतात आणि सांधा जणू कुलूपबंद होतो. त्यामुळे बराच वेळ उभे राहणे फारसे कष्टाचे होत नाही. आपण तर मांडी घालून आणि उकिडवे बसणारी माणसे. उकिडवे बसताना गुडघा जितका दुमडतो, तितके काम खुर्चीवर बसणाऱ्यांचा गुडघा क्वचितच करतो. सर जॉन चार्नली यांनी 1962 च्या सुमारास इंग्लंडमध्ये कृत्रिम खुब्याला विश्वासार्ह रूप दिले. पुढे पुण्याच्या डॉ. कांतिलाल संचेती यांनी भारतीय रुग्णांचा विचार करून 'इंडस' नावाचा कृत्रिम गुडघा विकसित केला. सवयी बदलल्या की यंत्राचा आराखडाही बदलावा लागतो, हे इथल्या कामगाराला पटवून द्यायला नको.

बोटे कडाकडा मोडली की संधिवात होतो, असे घरोघरी दटावले जाते. डोनाल्ड उंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी पन्नासहून अधिक वर्षे फक्त डाव्या हाताची बोटे मोडली आणि उजवा हात तुलनेसाठी ठेवला. संधिवात कोणत्याच हाताला झाला नाही. एका माणसावरून सिद्धान्त होत नाही, पण चिकाटीला दाद द्यावी लागते. तो आवाज हाडांचा नसून सांध्यातल्या द्रवात होणाऱ्या वायूच्या पोकळीशी निगडित आहे.

खुबा आणि खांदा मात्र वाचकांनी जोडीने वाचावेत. दोन्ही उखळीचेच, पण खुब्याची उखळ खोल आहे आणि खांद्याची उथळ. शरीराचा भार पेलणाऱ्या खुब्याला पक्केपणा मिळाला, खांद्याला मोकळीक. आणि त्या मोकळीकीची किंमत म्हणून खांदा अधिक सहज निखळतो. हे वाचताना घरातल्या कुणाला तरी पाठमोरे उभे करा, त्यांच्या खांद्याच्या पात्यावर तळहात ठेवा आणि त्यांना हात हळूहळू डोक्यावर न्यायला सांगा. पाते तुमच्या हाताखाली सरकू लागेल. साधारण 180 अंशांच्या त्या फेरीतले सुमारे 60 अंश एकट्या पात्याचे असतात.