'कोलकाता' युद्धनौका आणि मध्यम पल्ल्याचे क्षेपणास्त्र

'आयएनएस कोलकाता' ही विनाशिका १६ ऑगस्ट २०१४ रोजी मुंबईत नौदलात दाखल झाली. हवाई हल्ला टिपणारे रडार तिच्यावर होते. तो परतवणारे मुख्य क्षेपणास्त्र मात्र तयार नव्हते.

'बराक-८' या क्षेपणास्त्राच्या प्रकल्पास २००५ च्या अखेरीस मंजुरी मिळाली होती. संरक्षण संशोधन आणि विकास संस्था (डीआरडीओ) व इस्रायल एअरोस्पेस इंडस्ट्रीज यांनी ते संयुक्तपणे विकसित केले. त्याची भारतीय बनावटीची रॉकेट मोटर दोनदा पेटते, दुसऱ्यांदा लक्ष्याजवळ. त्यामुळे निसटू पाहणाऱ्या विमानालाही गाठण्याइतका वेग उरतो. पल्ला सुमारे ७० किलोमीटर. नौदल त्यास 'दीर्घ पल्ल्याचे' म्हणत आले, तर हवाई दल व लष्कर 'मध्यम पल्ल्याचे' (एमआरसॅम) म्हणतात.

अखेर २९ व ३० डिसेंबर २०१५ रोजी याच नौकेवरून अरबी समुद्रात यशस्वी चाचण्या झाल्या. हवाई दलाने ९ सप्टेंबर २०२१ रोजी जैसलमेर येथे ही प्रणाली स्वीकारली. लष्कराची पहिली एमआरसॅम रेजिमेंट २०२३ मध्ये पूर्व विभागात उभी राहिली. या विभागाचे मुख्यालय कोलकाता शहरातच आहे. लष्करी आवृत्तीच्या चार चाचण्या एप्रिल २०२५ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्याजवळ यशस्वी झाल्या.