'लोणारेन्सिस' : एका विशेषणाचा विचार

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर उल्कापाताने बेसाल्ट खडकात निर्माण झाले. त्याचे पाणी खारे व अल्कधर्मी आहे. या सरोवरात सापडलेल्या एका जिवाणूस हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली 'सेसेंबिया लोणारेन्सिस' असे नाव दिले. पहिला शब्द त्या केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून घडविलेला; दुसरा लॅटिन विशेषण आहे. प्रस्तुत लेखात आम्ही त्याचाच विचार करणार आहोत.

लॅटिनमध्ये स्थलनामास 'एन्सिस' प्रत्यय लागला की 'त्या ठिकाणचा' असा अर्थ होतो. अथेन्सचा रहिवासी तो 'अथेनिएन्सिस'. या विशेषणाचे पुल्लिंगी व स्त्रीलिंगी रूप एकच असते. नपुंसकलिंगी मात्र 'एन्से' होते. 'सेसेंबिया' हे नाम स्त्रीलिंगी, म्हणून 'लोणारेन्सिस'. नाम नपुंसकलिंगी असते, तर 'लोणारेन्से' म्हणावे लागले असते.

पालीच्या अभ्यासकास ही रचना परकी वाटणार नाही. 'वेसाली'स 'इक' प्रत्यय लागून 'वेसालिक' होते. दुसऱ्या संगीतीच्या वृत्तांतात वेसालिक भिक्खूंचा उल्लेख येतो. पालीतही विशेषण नामाच्या लिंग, वचन व विभक्तीप्रमाणे बदलते. मराठीत हेच कार्य 'कर' प्रत्यय करतो. रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे या गावाच्या नावातूनच 'आंबडवेकर' हे आडनाव आले.

येथे केवळ व्याकरणाचा प्रश्न नाही. मनुष्याची ओळख कशाने द्यावी, हा प्रश्न आहे. भारहुतच्या स्तूपावर विदर्भातील भोजकट येथील एका भिक्खुणीचे दान कोरलेले आहे. त्यात तिचे नाव आहे, गाव आहे, ती भिक्खुणी असल्याचे सांगितले आहे; जात सांगितलेली नाही.

पालीत मिठास 'लोण' म्हणतात. आपले 'लोणचे' त्याच कुळातले, आणि 'लोणार' या नावातही तोच शब्द ऐकू येतो. महासमुद्राला जसा एकच खारट रस, तसा धम्माला विमुक्तीचा एकच रस, असे भगवंतांनी सांगितले. त्याच उपदेशात ते म्हणतात की, समुद्रास मिळालेल्या नद्या आपली पूर्वीची नावे टाकतात. त्याचप्रमाणे संघात आलेले चारही वर्णांचे लोक आपले पूर्वीचे नाव व गोत्र टाकतात. गावाचे नाव मनुष्य कोठून आला एवढेच सांगते. जातीचे नाव त्याने कोठे थांबावे हे ठरवू पाहते. भिक्खूंच्या नावामागे 'वेसालिक' राहिले, वर्ण राहिला नाही. हा भेद अभ्यासकांनी ध्यानी ठेवावा, असे आम्हांस वाटते.