खिलार गायीला वळू निवडताना काय बघाल?

सातारा, सांगली, सोलापूर पट्ट्यातली खिलार ओढकामाला आणि पळायला नावाजलेली. १६ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टाने बैलगाडा शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि पळणाऱ्या खोंडांना पुन्हा भाव आला. पण मैदान मारलेला खोंड तशीच वासरं देईल याची खात्री नसते. पळण्यात खुराक, सराव, हाकणाऱ्याचा हात हेही असतंच.

म्हणून आधी वळूची वासरं बघा, दोन-चार गोठे फिरा. त्याची आई बघा. मोबाईलवरच्या व्हिडिओवर तर सौदा करूच नका. वळू चालवून मागून बघावा: पाय सरळ, खूर काळे टणक. नांगराला छाती रुंद, मान भरीव लागते. शर्यतीला अंग हलकं, पाय लांब.

खरी चूक वेगळीच होते. गावात एकच वळू वर्षानुवर्षं राहतो आणि त्याच्याच लेकींना लागतो. अशा जवळच्या नात्यातून वासरं कमजोर निपजतात. त्याच्या पहिल्या कालवडी माजावर यायच्या आत वळू बदलावा.

वळूची ब्रुसेलोसिसची तपासणी झाली का, हे विचारायला लाजू नये. या रोगाने गायी गाभडतात, माणसालाही तो होतो. गाय भरवल्याची तारीख आणि वळू वहीत लिहा; अडीच-तीन महिन्यांनी डॉक्टरकडून गाभण तपासून घ्या.